वाहनाची योग्यता चाचणी : कोणाला, केव्हा आणि कुठे?

गाडी रोज सुरू होते, रोज इच्छित स्थळी पोहोचवते, म्हणजे ती सुस्थितीत आहे असे आपण गृहीत धरतो. वाहनाचे बहुतेक गंभीर दोष मात्र गाडी बंद पाडत नाहीत. ब्रेकचे लायनर झिजतात, स्टिअरिंगचे सांधे सैल होतात, चेसिसला खालून गंज चढतो. तरीही गाडी धावत राहते. हा बिघाड इतक्या संथ गतीने वाढतो की चालकाच्या हातापायांना त्याची सवय होते. पूर्वी अर्ध्यावर दाबला की लागणारा ब्रेक आता तळापर्यंत दाबावा लागतो, हे रोज तीच गाडी चालवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. ते कळते ते एखाद्या उतारावर, समोर अकस्मात कोणी आल्यावर.

म्हणूनच ठरावीक मुदतीने एखाद्या त्रयस्थाने वाहन तपासावे, अशी तरतूद कायद्याने केली आहे. बोलीभाषेत आपण तिला ‘पासिंग’ किंवा ‘फिटनेस’ म्हणतो; कागदोपत्री तिचे नाव ‘योग्यता प्रमाणपत्र’. गॅरेजवाला गाडी पाहतो तेव्हा दुरुस्तीचे पैसे त्यालाच मिळणार असतात. मालक पाहतो तेव्हा खर्च टळावा, अशी त्याची मनोमन इच्छा असते. दोघांचाही काही ना काही स्वार्थ गुंतलेला असतो. चाचणी घेणाऱ्याचा तसा स्वार्थ नसतो आणि या चाचणीचे सारे मोल त्यातच आहे. ती केवळ कागद मिळवण्याची औपचारिकता ठरली, तर मालकाच्या हाती शुल्काच्या पावतीपलीकडे काहीच उरत नाही.

व्यावसायिक वाहनांसाठी नियम

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार प्रत्येक व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक आहे. टॅक्सी, रिक्षा, खासगी प्रवासी बस, शाळेची बस, मालवाहू टेम्पो, खनिज वाहणारा ट्रक हे सारे यात आले. गोव्याची खास ओळख असलेला मोटारसायकल पायलटही त्याला अपवाद नाही. भाडे घेऊन प्रवासी नेणारी दुचाकी ही कायद्याच्या दृष्टीने व्यावसायिक वाहनच होय. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारी आणि दुचाकीही याच वर्गात मोडतात. ओळखीची सोपी खूण क्रमांकपट्टीची : पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरे असलेले वाहन व्यावसायिक आणि काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरे असलेले वाहन स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारे.

नव्या व्यावसायिक वाहनाचे पहिले प्रमाणपत्र दोन वर्षे वैध असते. त्यानंतर वाहनाला आठ वर्षे पूर्ण होईपर्यंत दर दोन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करायचे असते आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. पूर्वी पहिल्या दोन वर्षांनंतर लगेच वार्षिक तपासणी सुरू होत असे. नोव्हेंबर २०१८ मधील दुरुस्तीने आठ वर्षांपर्यंतच्या वाहनांना ही सवलत मिळाली. त्यामुळे आठ वर्षांची सीमा ओलांडणाऱ्या वाहनांच्या मालकांचा घोटाळा होण्याचा संभव असतो. ‘आपले दोन वर्षांचे असते’ या समजुतीत राहून वार्षिक मुदत हातची निसटते.

प्रमाणपत्र एकदा मिळाले की मुदत संपेपर्यंत निर्धास्त, असेही नाही. वाहन निकषांत बसत नसल्याचे आढळल्यास कारणे लेखी नोंदवून आणि मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन ते मुदतीपूर्वीही रद्द करण्याचा अधिकार संबंधित अधिकाऱ्याला आहे. वैध प्रमाणपत्र मात्र संपूर्ण भारतात ग्राह्य असते. चोर्ला किंवा अनमोड घाट चढून बेळगावला जाणाऱ्या गोव्यातील टॅक्सीला कर्नाटकात वेगळी चाचणी द्यावी लागत नाही.

खासगी मोटार आणि दुचाकी

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. या काळात प्रदूषण तपासणीव्यतिरिक्त त्याची कोणतीही सक्तीची तांत्रिक तपासणी होत नाही. पंधरा वर्षे पूर्ण होताना वाहन तपासून घेऊन नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि ते पाच वर्षांसाठी मिळते. त्यासाठीचा अर्ज (नमुना क्रमांक २५) मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो.

या व्यवस्थेची तुलना अन्य देशांशी करून पाहण्याजोगी आहे. स्विंडनसारख्या इंग्लंडमधील शहरांत स्थायिक झालेल्या गोवेकरांना तिथली ‘एमओटी’ चाचणी चांगलीच परिचित आहे. १९६० मध्ये ती सुरू झाली तेव्हा दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांपुरती होती. १९६७ पासून तीन वर्षांपेक्षा जुन्या प्रत्येक मोटारीला ती लागू झाली. आज उत्तर आयर्लंड वगळता ब्रिटनमध्ये खासगी मोटारीलाही तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी ही परीक्षा द्यावी लागते. पोर्तुगालमध्ये खासगी मोटारीची पहिली तपासणी चौथ्या वर्षी, त्यानंतर आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. आपल्याकडे व्यावसायिक वाहनांसाठीचे वेळापत्रक साधारण याच धर्तीचे आहे. खासगी वाहन मात्र पंधरा वर्षे तपासणीविना राहते. कायद्याने हे अंतर मोकळे सोडले असल्यामुळे ते भरून काढण्याची जबाबदारी मालकावर येते.

एका गैरसमजाचाही येथे उल्लेख करायला हवा. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बहुचर्चित निर्बंध दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी आहेत. गोव्यातील खासगी गाडी केवळ पंधरा वर्षांची झाली म्हणून भंगारात काढावी लागत नाही. ती चाचणीत उत्तीर्ण झाली पाहिजे, इतकेच. सरकारी वाहनांची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि सार्वजनिक परिवहन महामंडळांच्या बसगाड्याही त्यात येतात.

चाचणीत नेमके काय पाहतात?

तपासणीची सुरुवात ओळख पटवण्यापासून होते. चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणीपत्राशी जुळतात का, हे पाहिले जाते. पुढे ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, हेडलाईट, मागील दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, काचा, सीटबेल्ट आणि धूर यांची तपासणी होते. व्यावसायिक वाहनांच्या बाबतीत वेग नियंत्रक, प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या, तसेच प्रवासी वाहनांमधील स्थाननिदर्शक यंत्रणा आणि संकटकालीन बटण यांचीही भर पडते. नियमांनुसार वेग नियंत्रकाची मर्यादा सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटर, तर शाळेच्या बस, टँकर आणि डंपर यांच्यासाठी ताशी ६० किलोमीटर आहे. दुचाकी, तीनचाकी आणि काही अन्य वाहनांना यातील काही अटींतून सूट आहे.

पारंपरिक पद्धतीत मोटार वाहन निरीक्षक डोळ्यांनी पाहून आणि गाडी चालवून निर्णय देतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये नियम करून स्वयंचलित चाचणी केंद्रांची व्यवस्था आणली असून ती टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. अशा केंद्रात गाडीची चाके फिरत्या रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने लागतो हे यंत्र मोजते. डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकमध्ये तफावत असेल, तर जोरात ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला खेचली जाते. ओल्या रस्त्यावर हाच दोष गाडी घसरण्यास कारणीभूत ठरतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा फरक यंत्राच्या आकड्यांत स्पष्ट होतो. हेडलाईटच्या झोताची दिशा, सस्पेन्शनची क्षमता आणि वेगदर्शकाची अचूकताही यंत्रानेच तपासली जाते. गाडी खड्ड्यावर उभी करून खालचे सांधे आणि चेसिस पाहिले जाते.

गोव्याच्या हवामानात या शेवटच्या तपासणीला विशेष महत्त्व आहे. किनारपट्टीवरील खारी हवा आणि चार महिन्यांचा धुवाधार पाऊस यांमुळे गंज सर्वांत आधी गाडीच्या तळाला ग्रासतो. वरून रंगरंगोटी करून चकचकीत केलेल्या गाडीच्या चेसिसला खाली भोके पडलेली असू शकतात. ब्रेकच्या धातूच्या नळ्याही तिथूनच गेलेल्या असतात. घाटाच्या उतारावर ब्रेकवर सतत भार पडतो तेव्हा अशी गंजलेली नळी दगा देते.

प्रदूषण तपासणी वेगळी

‘माझ्याकडे पीयूसी आहे, म्हणजे पासिंग झाले’ असे समजणारे पुष्कळ आहेत. या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पीयूसीमध्ये केवळ धुराची तपासणी होते. ब्रेक किंवा टायरशी तिचा संबंध नाही. नव्या वाहनाला नोंदणीपासून एक वर्ष ती लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ वाहनांचे प्रमाणपत्र एक वर्ष, तर त्याहून जुन्या मानकांच्या वाहनांचे सहा महिने वैध असते. विजेवरील वाहनांना पीयूसीची गरज नाही. व्यावसायिक वापरातील विजेवरील वाहनाला योग्यता चाचणीतून मात्र सुटका नाही, कारण ब्रेक आणि टायर त्यालाही आहेतच.

पीयूसी केंद्रे बहुधा पेट्रोल पंपाच्या आवारात असतात. नोंद थेट केंद्रीय ‘वाहन’ प्रणालीत होते आणि प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो. वाहन मर्यादेत बसले नाही तर कारण नमूद केलेली नकार-पावती देण्याची तरतूद आहे. ती मागून घ्यावी. मेकॅनिकला नेमके काय दुरुस्त करायचे, हे तीवरून कळते.

केंद्र कसे शोधावे?

पहिला धागा आपल्या क्रमांकपट्टीवर आहे. ‘जीए’ नंतरचा ०१ हा अंक पणजी, ०२ मडगाव, ०३ म्हापसा, ०४ डिचोली, ०५ फोंडा आणि ०६ वास्को दर्शवतो. वाहने वाढल्यावर पणजीसाठी ०७ आणि मडगावसाठी ०८ ही मालिका सुरू झाली. पुढे अन्य तालुक्यांतील कार्यालयांचीही भर पडली. वाहन खरेदी करताना किंवा पत्ता बदलताना नोंद दुसरीकडे गेली असल्यास नोंदणीपत्रावर छापलेल्या कार्यालयाचे नाव प्रमाण मानावे. वाहतूक खात्याच्या त्या कार्यालयाची पासिंगची जागा आणि दिवस आधी विचारून घ्यावेत. तपासणी कार्यालयाच्या दारातच होते असे नाही.

अर्जासाठी केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर वाहन क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक भरायचे असतात. नोंदणीकृत मोबाइलवर येणारा संकेतांक लागतो, म्हणून जुना मोबाइल क्रमांक बदलला असेल तर आधी तो अद्ययावत करावा. तिथेच शुल्क भरून तपासणीची तारीख घेता येते. जवळच्या स्वयंचलित केंद्राची आणि पीयूसी केंद्राची माहितीही त्याच व्यवस्थेतून मिळते. सोबत नोंदणीपत्र, वैध विमा, पीयूसी, रस्ता कर भरल्याची पावती आणि लागू असल्यास परवाना तयार ठेवावा. थकीत ई-चलन असल्यास तेही आधी मिटवावे.

शेजारच्या सिंधुदुर्गातून किंवा बेळगावहून आणलेली ‘एमएच-०७’ वा ‘केए-२२’ क्रमांकाची गाडी गोव्यात कायम वापरात असेल, तर आणखी एक नियम लक्षात ठेवावा. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनाला त्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो. नूतनीकरणाच्या वेळी हा प्रश्न उपस्थित होऊन काम अडण्यापेक्षा तो आधीच सोडवलेला बरा.

केंद्र खरे की नाममात्र, हे ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. खरे केंद्र गाडी प्रत्यक्ष आणायला सांगते, शुल्काची पावती सरकारी प्रणालीतून देते, दोष लेखी नोंदवते आणि दुरुस्तीचे काम स्वतः घेत नाही. स्वयंचलित केंद्र चालवणाऱ्याला वाहन दुरुस्ती, विक्री किंवा सुट्या भागांच्या व्यवसायाची सेवा देण्यास नियमांनीच मनाई केली आहे. ‘गाडी आणायची गरज नाही, कागद घरपोच देतो’ असे सांगणारा मध्यस्थ भेटला, तर तो आपला वेळ वाचवत नसून आपल्यासाठी असलेली तपासणीच काढून घेत आहे, हे ओळखावे.

शुल्क, विलंब आणि परिणाम

जुन्या वाहनांचे शुल्क गेल्या काही वर्षांत बरेच वाढले आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये, तर दुचाकीचे ३०० वरून १,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० आणि दुचाकीसाठी २,००० रुपये करण्यात आले. व्यावसायिक वाहनांच्या चाचणीचे शुल्कही वयानुसार चढते आहे. अर्ज भरताना संकेतस्थळ त्या दिवशी लागू असलेली रक्कम दाखवते. तीच अंतिम समजावी.

विलंबाचा भुर्दंड वेगळा. योग्यता प्रमाणपत्राची मुदत उलटल्यावर दर दिवसाला ५० रुपये अतिरिक्त शुल्क लागते. खासगी वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणास उशीर झाल्यास दुचाकीसाठी दरमहा ३०० आणि अन्य खासगी वाहनांसाठी ५०० रुपये मोजावे लागतात.

याहून मोठे संकट कायद्याच्या शब्दांत दडलेले आहे. वैध योग्यता प्रमाणपत्र नसलेले व्यावसायिक वाहन हे वैधरीत्या नोंदलेलेच नाही, असे कायदा मानतो. ते रस्त्यावर आणल्यास कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा ५,००० ते १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. अपघात घडल्यास विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. जखमीला किंवा मृताच्या वारसांना कंपनीने भरपाई द्यावी आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी अशा प्रकरणांत दिलेले आहेत. एकाच टॅक्सीवर किंवा टेम्पोवर संसार चालवणाऱ्याला अशी वसुली आयुष्यातून उठवू शकते. मुदत चुकल्याची खरी किंमत दिवसाच्या पन्नास रुपयांत मोजता येत नाही, ती या कारणामुळे.

चाचणीपूर्वी घरी काय पाहावे?

दहा मिनिटांत बरेच काही तपासता येते. एकाला बाहेर उभे करून सर्व दिवे, इंडिकेटर आणि ब्रेकलाईट लावून पाहावेत. टायरच्या खाचा बघाव्यात. चारचाकीसाठी त्यांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी रबराचा लहानसा उंचवटा असतो. टायर झिजून त्याच्या पातळीला आला की तो बदलण्याची वेळ झाली असे समजावे. वायपरचे रबर तडकले आहे का, हॉर्न वाजतो का, सीटबेल्ट अडकतो आणि सुटतो का, हॅण्डब्रेक चढावर गाडी धरून ठेवतो का, हे पाहावे. क्रमांकपट्टी नियमानुसार असावी. क्षुल्लक दोषापायी अर्धा दिवस आणि भाडे दोन्ही बुडवण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

गाडी नापास झाली तर खचून जाऊ नये. दोषांची लेखी यादी घ्यावी, दुरुस्ती करावी आणि फेरचाचणी द्यावी. स्वयंचलित केंद्रांच्या नियमांत फेरचाचणीसाठी पुन्हा शुल्क भरावे लागते आणि तिची मुदत ठरलेली आहे. फेरचाचणीतही वाहन अपात्र ठरल्यास ते आयुर्मान संपलेले वाहन म्हणून घोषित होऊ शकते. निकाल मान्य नसल्यास अपिलाची सोयही आहे. त्यामुळे पहिल्या निकालानंतरची दुरुस्ती वरवरची नसावी.

खासगी वाहनाच्या मालकाने पंधराव्या वर्षाची वाट न पाहता, पाच-सहा वर्षांनंतर दर मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहून घ्यावी. शक्य असल्यास नेहमीच्या गॅरेजऐवजी दुसऱ्याकडून ती पाहून घ्यावी आणि दुरुस्तीचा निर्णय नंतर करावा.

प्रवासी म्हणूनही आपल्या हाती एक साधन आहे. ‘एमपरिवहन’ या सरकारी ॲपमध्ये वाहन क्रमांक टाकला की योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत वैध आहेत, हे कळते. आपले मूल रोज ज्या बसमधून किंवा व्हॅनमधून शाळेत जाते, तिचा क्रमांक आज एकदा टाकून पाहावा. मुदत संपलेली असेल, तर चालकाशी हुज्जत घालण्याऐवजी शाळेच्या व्यवस्थापनाला लेखी कळवावे. मुलाला त्या गाडीत बसवण्यापूर्वी ती तपासली गेली आहे का, हे विचारणे हा पालकाचा हक्कच आहे.